नसलेल्या यानाची प्रतिकृती : कागदी मॉडेलच्या वादाची पार्श्वभूमी

कल्पनेतली यानं, अंतराळस्थानकं आणि यंत्रमानव कागदातून कापून, दुमडून, चिकटवून उभे करणारी मुलं आता चंद्रपूर जिल्ह्याच्या खेड्यांतही भेटतात. त्यांच्या कामाला विज्ञान प्रदर्शनात जागा द्यायची की नाही, यावरून आमच्या भागात बरंच बोललं गेलं. त्यामागची हकिकत फार जुनी नाही.

छापील कागदावरून घरं, किल्ले, जहाजं जोडण्याचा छंद युरोपातला. पोलंडमध्ये 1957 पासून निव्वळ कागदी मॉडेलचं मासिक निघू लागलं. जपान्यांनी 'पेपर' आणि 'क्राफ्ट' हे शब्द जोडून, तोडून 'पेपाकुरा' केलं, आणि संगणकावरच्या त्रिमितीय आकृतीचे सपाट तुकडे पाडून देणारी प्रणालीही तिकडूनच आली. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने आपल्या खऱ्या यानांचे कागदी आराखडे इंटरनेटवर फुकट ठेवले.

यातलं आमच्यापर्यंत बराच काळ काही आलं नाही. कागद मात्र घरचाच होता. बल्लारपूरची कागद गिरणी याच जिल्ह्यातली, आणि इथल्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं तिथे जाऊन कागद होत आला. गणपतीचं मखर, दिवाळीचा आकाशकंदील, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची सजावट, या सगळ्यांत पुठ्ठा (आमच्याकडे खर्डा), पतंगी कागद आणि मैद्याची लेई लागतेच. कात्रीला सरावलेले हात घरोघरी होते. नव्हता तो आराखडा. भारनियमनाच्या काळात गावात वीजच बारा-बारा तास नसायची, तिथे संगणक आणि प्रिंटर कुठून येणार?

2016 नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि चित्र पालटलं. मुलांना यानांची चित्रं दिसू लागली, जोडणीचे व्हिडिओ दिसू लागले. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा वेळही मिळाला. तरी एका यानाचा तयार आराखडा म्हणजे आठ-दहा पानं, तीही रंगीत आणि जाड कागदावर. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात साधा 75-80 जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तितके ग्रॅम) कागद मिळतो. यानाला 160 ते 200 जीएसएम लागतो, नाहीतर भिंती खचतात. म्हणून जुन्या लग्नपत्रिका आणि कार्डशीट कामाला आली. छापता येत नव्हतं म्हणून मुलांनी चित्र बघून आलेखकागदावर स्वतः मापं काढली. मला या छंदाच्या इथल्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. शहरातला छंदी छापून कापतो. इथल्या मुलांना आधी हिशेब करावा लागला.

हिशेब कसला, ते सांगायला हवं. कागद वाकतो, पण ताणला जात नाही. त्यामुळे नळा किंवा शंकू एका तुकड्यातून गुंडाळता येतो, गोल मात्र येत नाही. यानाच्या शेंड्याचा शंकू घ्या. तळाची त्रिज्या 3 सेंमी आणि तिरकी उंची 9 सेंमी असेल, तर 9 सेंमी त्रिज्येच्या वर्तुळातून 120 अंशांची पाकळी कापावी लागते, कारण 3 भागिले 9 गुणिले 360 म्हणजे 120. गोलाच्या संत्र्यासारख्या फोडी कराव्या लागतात. 10 सेंमी व्यासाच्या गोलाच्या बारा फोडी केल्या, तर प्रत्येक फोड साधारण 15.7 सेंमी लांब आणि मध्यभागी 2.6 सेंमी रुंद येते. चिकटवायच्या पट्ट्या वेगळ्या. घडीच्या रेषेवरून शाई संपलेलं बॉलपेन दाबून ओढायचं, मगच दुमडायचं, नाहीतर कडा फाटते. हे सगळं पाचवीच्या गणितात 'घडणी' या नावाने आहे, फक्त तिथे घन आणि इष्टिकाचितीपुढे कोणी जात नाही.

आता वाद. आमच्या भागातल्या एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात नववीतल्या एका मुलीने स्वतःच्या कल्पनेतलं मालवाहू यान नेलं. सोबत मापांची वही होती. परीक्षकांनी ते स्पर्धेबाहेर ठेवलं. कारण दोन ओळींचं : ही कशाचीही प्रतिकृती नाही, आणि ती चालत नाही.

गोंधळ शब्दातच आहे. शाळेत 'मॉडेल' म्हटलं की बॅटरी लावल्यावर दिवा पेटतो किंवा पाणी वर चढतं ती वस्तू, असंच सगळे समजतात. मराठीत तिला 'प्रतिकृती' म्हणतात, आणि प्रतिकृती म्हटलं की मूळ कृती आलीच. धरणाची प्रतिकृती होते, हृदयाची होते. जे यान कुठेच नाही, त्याची कशी होईल? परीक्षकांचं म्हणणं शब्दाला धरून होतं, हे मान्य करायला हवं. पण इंग्रजीतल्या त्याच 'मॉडेल'ला गणितात आपण 'प्रतिमान' म्हणतो, आणि प्रतिमानाला मूळ वस्तू आधी असावी लागत नाही. एकाच शब्दाची दोन भाषांतरं झाली. त्यातलं अडचणीचं भाषांतर त्या मुलीच्या वाट्याला आलं.

प्रमाणाचाही प्रश्न विचारला गेला : मूळच नाही तर 1:100 कशाच्या जोरावर? छंदातल्या लोकांकडे याचं उत्तर पूर्वीपासून आहे. आधी दार ठरवायचं. माणूस आत जाणार असेल तर दार 2 मीटर उंच, म्हणजे कागदावर 2 सेंमी. मग जिना, खिडकी, मालाची पेटी सगळं त्याच मापाने येतं. त्या मुलीच्या वहीत पहिल्याच पानावर दार होतं. परीक्षकांनी ते पान उलटलं असतं तर निर्णय वेगळा झाला असता, असं मला आजही वाटतं.

या वादात पुढे एक अनपेक्षित वस्तू येऊन पडली. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळते ठिपके रांगेने जाताना महाराष्ट्रातल्या असंख्य लोकांनी पाहिले, आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे 3 मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही सापडले. फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. कोणाला इजा झाली नाही.

त्या उन्हाळ्यात अनेक मुलांनी तेच कडं कागदात केलं. 1:25 प्रमाणात ते 12 सेंमीचं होतं आणि त्याची पट्टी 37.7 सेंमी लांब लागते. ए-फोर कागद 29.7 सेंमीचा, म्हणून पट्टी दोन तुकड्यांत जोडावी लागते. पुढच्या प्रदर्शनात असं एक कडं स्वीकारलं गेलं, कारण त्याला मूळ होतं. तेही चालत नव्हतंच. म्हणजे पहिल्या निर्णयातलं दुसरं कारण आपोआप गळून पडलं, पण तो निर्णय कोणी फिरवला नाही.

23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं, त्यानंतर विक्रम लँडरच्या कागदी प्रतिकृती गावोगाव झाल्या. त्यांना कोणी अडवलं नाही. कल्पनेतली यानं मात्र अजून बाहेरच आहेत, त्यामुळे मुलांनी दुसरी वाट शोधली आहे. ती आता गणिताच्या विभागात नाव देतात. टेबलावर पुढे मापांची वही आणि उलगडलेल्या घडणी मांडतात, यान मागे ठेवतात. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि फोडींचे सांधे सुटतात, म्हणून प्रदर्शन लवकर असेल तर यान पाण्यात मिसळलेल्या फेविकॉलचा आतून हात देऊन, दोन दिवस चुलीपासून हातभर अंतरावर वाळवून नेतात.