नियम सगळ्यांना, शिक्षा काहींनाच

दोन मुलांनी आपली खोली छान आवरली, म्हणून त्यांना बक्षीस द्यायला पाच खोडरबर आणले. दोघांना दोन-दोन दिले. आता पाचव्याचं काय करायचं? ॲलेक्स शॉ आणि क्रिस्टिना ओल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सहा ते आठ वर्षांच्या मुलांना हा प्रश्न विचारला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बहुतेक मुलांचं उत्तर होतं, कचऱ्यात टाका. नवाकोरा खोडरबर वाया गेला तरी चालेल, पण एकाला उगाच जास्त नको. मात्र दोघांपैकी एकाने जास्त काम केलंय असं सांगितलं की मुलं तो त्यालाच द्यायला तयार व्हायची.

पुढे त्यांनी वाटपासाठी फिरतं चाक वापरून पाहिलं. दोघांना सारखी संधी देणारं चाक असेल, तर एकाला जास्त मिळणंही मुलांना मान्य होतं. चाकच एकाच्या बाजूने झुकलेलं असेल, तर मात्र नाही. मुलांना कमी-जास्त मिळणं खटकत नाही असं नाही, पण तोंड बघून केलेलं वाटप त्यांना त्याहून जास्त खटकतं.

शाळेत हे रोज दिसतं. उशिरा आलेली चार मुलं फाटकाबाहेर उभी आहेत. पाच मिनिटांनी संस्थेतल्या कुणा मोठ्या माणसाच्या नातवाची गाडी येते आणि तो सरळ आत जातो. बाहेरची चारही मुलं ते बघत असतात. त्यातलं एखादं घरी येऊन म्हणतं, “मला उभं केलं त्याचं काही नाही, पण त्याला का सोडलं?” आपण म्हणतो, “तू तुझं बघ.” मला हे उत्तर अजिबात पटत नाही. मुलाने शिक्षेबद्दल तक्रार केलेलीच नाही. नियम खरा आहे की नाही, एवढंच ते विचारतंय.

एकाच मुलाच्या बाबतीत नियम कधी पाळला, कधी सोडून दिला, तर वेगळंच नुकसान होतं. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांच्या नंतरच्या संशोधकांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं, की दर वेळी फळ मिळणाऱ्या कृतीपेक्षा अधूनमधून फळ मिळणारी कृती फार चिवट होते. फळ बंद झालं तरी ती लवकर सुटत नाही. तासाला गप्पा मारणं सोमवारी खपलं, मंगळवारी त्यावर ओरडा बसला, बुधवारी पुन्हा खपलं, तर गप्पा थांबत नाहीत. आज चालून जाईल, ही आशा मुलाला पुरते.

एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा न्याय, हे शिक्षक जाणूनबुजून करतात असं मी म्हणणार नाही. जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2015 मध्ये अमेरिकी शिक्षकांना एका विद्यार्थ्याच्या दोन किरकोळ चुकांची नोंद वाचायला दिली. काहींच्या कागदावर गोऱ्या मुलांमध्ये आढळणारं नाव होतं, काहींच्या कागदावर काळ्या मुलांमध्ये आढळणारं. पहिल्या चुकीला फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या चुकीनंतर मात्र काळ्या वाटणाऱ्या मुलाला कडक शिक्षा हवी, असं शिक्षकांना जास्त वाटलं. एकाची चूक चूकच राहिली, दुसऱ्याच्या बाबतीत ती त्याची खोड ठरली.

हे तिकडचं झालं, असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. रेमा हॅना आणि ली लिंडेन या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या शिक्षकांकडून मुलांच्या उत्तरपत्रिका तपासून घेतल्या. मुखपृष्ठावरची जात त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी बदलून लिहिली होती. खालच्या मानलेल्या जातीचा उल्लेख असलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. 2012 मध्ये छापलेल्या या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. सुरुवातीला तपासलेल्या पेपरांत हा भेदभाव जास्त होता. किती उत्तराला किती गुण, हे तेव्हा शिक्षकांच्या मनात पक्कं झालेलं नव्हतं. माप ठरलेलं नसलं की त्या जागी नाव आणि जात येऊन बसतात.

हे बदलता येतं. कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांत ओकोनोफुआ आणि सहकाऱ्यांनी गणिताच्या काही शिक्षकांना एक छोटा ऑनलाइन पाठ दिला. चुकलेल्या मुलाची बाजू ऐकून घ्या, त्याच्याशी नातं तुटू देऊ नका, एवढाच त्याचा गाभा होता. 2016 मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार, इतर शिक्षकांच्या विद्यार्थ्यांपैकी 9.6 टक्के मुलांना वर्षभरात कधी ना कधी शाळेतून निलंबित केलं गेलं होतं. हा पाठ घेतलेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांत ते प्रमाण 4.8 टक्के होतं.

पुढच्या पालकसभेत गणवेश आणि उशिराचे नियम वाचून दाखवले जातील, तेव्हा आपण दोन गोष्टी विचारायला हव्यात. दुसऱ्यांदा चुकल्यावर काय करायचं हे आधी लिहून ठेवलंय का? आणि शिक्षा ठरवण्याआधी मुलाला बोलू देतात का?