जस्तलेपित लोखंडी सामान : गंज आणि त्यावरील उपाय

लोखंडावर किंवा पोलादावर जस्ताचा थर चढवून तयार केलेले खिळे, नट-बोल्ट, बिजागऱ्या, कड्या, तार आणि पत्रे यांना जस्तलेपित सामान म्हणतात. व्यवहारात ते ‘जीआय’ (गॅल्व्हनाइज्ड आयर्न) या नावाने ओळखले जाते. सुमारे ४५०° से. तापमानाच्या वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून हा थर चढवतात. या पद्धतीचे पेटंट फ्रेंच अभियंते स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये फ्रान्समध्ये घेतले. दुकानात मिळणारे चकचकीत स्क्रू मात्र बहुधा विजेच्या साहाय्याने मुलामा दिलेले असतात आणि त्यांवर जस्त जेमतेम ५ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, तर बुडवून काढलेल्या जाड पोलादावर ते सरासरी ८५ मायक्रॉन किंवा त्याहून अधिक भरते. उघड्यावर वापरण्याचे सामान निवडताना हा फरक सर्वांत महत्त्वाचा होय, कारण थराची जाडी हेच त्याचे आयुष्य असते.

जस्त लोखंडाला दोन प्रकारे वाचवते. ते हवा-पाण्याला आडोसा करते. शिवाय ते लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ओरखडा पडून लोखंड उघडे पडले, तरी आधी आजूबाजूचे जस्त झिजते. कापलेल्या पातळ पत्र्याची कड यामुळेच बराच काळ तांबडी पडत नाही. खुल्या हवेत काही महिन्यांत जस्तावर कार्बोनेटाचा मंद करडा, चिवट पापुद्रा धरतो. हा पापुद्रा म्हणजे संरक्षणच असल्याने चमक आणण्यासाठी तो घासून काढणे चुकीचे आहे.

पांढरा गंज आणि तांबडा गंज यांतला फरक ओळखल्याशिवाय उपाय करू नये. पावसाळ्यात एकावर एक रचलेल्या नव्या पत्र्यांच्या फटीत पाणी साचले आणि वारा लागला नाही, की पिठासारखी पांढरी, भुसभुशीत पूड दिसते. ती जस्ताच्या हायड्रॉक्साइडाची असते. पत्रे सुटे करून वाळवावेत आणि पूड नायलॉनच्या ब्रशने झाडावी. डाग घट्ट असल्यास पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसून लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे व कोरडे करावे. तारेचा ब्रश येथे वापरू नये, कारण त्याने उरलेले जस्तही निघून जाते.

तांबडा गंज दिसला, म्हणजे त्या जागचे जस्त संपले. अशा वेळी तेवढाच भाग तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासून, तेलकटपणा थिनरने पुसून, त्यावर भरपूर जस्तचूर्ण असलेला रंग द्यावा. आयएसओ १४६१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कारखान्यातील दुरुस्तीत हा थर साधारणपणे किमान १०० मायक्रॉन असावा लागतो, म्हणून रंगाच्या एका हाताने भागत नाही. नुसता रुपेरी रंग दिसायला सारखा असला, तरी त्यात जस्त नसल्यामुळे तो लोखंडासाठी स्वतः झिजत नाही. आटे झिजलेले बोल्ट व खिळखिळ्या बिजागऱ्या दुरुस्त करीत बसण्यापेक्षा बदलणेच योग्य.

जस्तलेपित भागावर थेट तेलरंग देणे ही नेहमीची चूक आहे. रंगातील तेलाशी जस्ताची क्रिया होऊन खाली साबणासारखा थर तयार होतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. त्यामुळे आधी जस्तासाठीचा प्रायमर हवा. फरशी धुण्याच्या ॲसिडचा थेंबच नव्हे, तर त्याची वाफही न्हाणीघरातील कड्या-बिजागऱ्या खाते. ओल्या सिमेंटचे शिंतोडेही जस्ताला झोंबतात, म्हणून ते वाळण्यापूर्वी धुवावेत. तांब्यावरून ओघळणारे पाणी जीआय पत्र्यावर पडू देऊ नये. स्टेनलेस स्टीलच्या मोठ्या पत्र्याला जीआय स्क्रू लावल्यास ओलाव्यात स्क्रूचे जस्त झपाट्याने झिजते. वेल्डिंग करताना जोडाभोवतीचे जस्त जळते; त्याच्या धुराने ताप येऊ शकतो, म्हणून ते आधी घासून काढावे, काम उघड्या हवेत करावे आणि जोड थंड झाल्यावर तेथे जस्तरंग लावावा.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने जस्त देशावरच्यापेक्षा कितीतरी लवकर झिजते. तेथे पावसाने धुतल्या जाणाऱ्या भागांपेक्षा वळचणीखालच्या हुकांवर व बिजागऱ्यांवर मीठ अधिक साठते, त्यामुळे त्यांवर अधूनमधून गोडे पाणी मारून ते कोरडे होऊ द्यावे लागतात.