किफायतशीर आदेश परिमाण

एखादी वस्तू वर्षभर साधारण एकाच गतीने लागत असेल, तर ती एका खेपेस किती मागवावी, किंवा कारखान्यात एका वेळी किती बनवावी, म्हणजे आदेश देण्याचा आणि साठा सांभाळण्याचा एकत्रित वार्षिक खर्च किमान राहील, हे सांगणारी संख्या. व्यवहारात व वर्गात ती ‘ईओक्यू’ (इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी) या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. तिला ‘आर्थिक आदेश मात्रा’ असाही पर्याय आहे. परंतु ‘आर्थिक’ या शब्दातून काटकसरीचा अर्थ नीट उमटत नसल्याने प्रस्तुत नोंदीत ‘किफायतशीर’ हा शब्द योजला आहे. परिव्यय लेखांकन, सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि उत्पादन व्यवस्थापन या चारही विषयांच्या अभ्यासक्रमांत या संकल्पनेवरील उदाहरणे सोडवावी लागतात. चारही ठिकाणी सूत्र एकच असले, तरी प्रत्येक विषय त्याचा वेगळा भाग गृहीत धरतो व वेगळा भाग तपासतो.

या सूत्राचे जनकत्व कोणाकडे जाते, याविषयी दीर्घकाळ गोंधळ होता. अनेक पाठ्यपुस्तकांत ते ‘विल्सन सूत्र’ म्हणून येते, कारण आर. एच. विल्सन यांनी १९३४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकात साठा नियंत्रणावर लिहिलेला लेख आणि सल्लागार म्हणून त्यांनी केलेला प्रसार यांमुळे ते उद्योगांत रूढ झाले. जर्मन भाषिक प्रदेशात तेच सूत्र कुर्ट आंडलर यांच्या १९२९ मधील ग्रंथामुळे ‘आंडलर सूत्र’ ठरले. तेथेही त्याआधी, १९२७ मध्ये, स्टेफानिक-आल्मायर यांचा खरेदीच्या किफायतशीर परिमाणावरील लेख प्रसिद्ध झाला होता. ‘कॅम्प सूत्र’ हे नाव डब्ल्यू. ई. कॅम्प यांच्या १९२२ मधील लेखावरून आले. यांपैकी कोणालाही आद्य मानता येत नाही. आज उपलब्ध असलेल्या पुराव्यानुसार हे वर्गमूळ सूत्र सर्वप्रथम छापून आणण्याचे श्रेय फोर्ड व्हिटमन हॅरिस (१८७७–१९६२) या अमेरिकन अभियंत्याकडे जाते. ‘फॅक्टरी, द मॅगझिन ऑफ मॅनेजमेंट’ या मासिकाच्या फेब्रुवारी १९१३ च्या अंकात ‘एका वेळी किती भाग बनवावेत’ अशा आशयाच्या शीर्षकाखाली त्यांचा छोटा लेख आला. हॅरिस पुढे लॉस अँजेलिस येथे पेटंटविषयक वकील म्हणून नावारूपास आले.

हा लेख विस्मरणात कसा गेला, हा प्रश्न सूत्राइतकाच उद्बोधक आहे. हॅरिस यांचे विवेचन १९१५ मध्ये कारखाना व्यवस्थापनावरील एका ग्रंथमालेत पुन्हा छापले गेले आणि नंतरच्या लेखकांनी तेच मूळ प्रकाशन समजून १९१५ हे साल दिले. प्रत्येक नवा ग्रंथकार आधीच्या ग्रंथावरून संदर्भ उतरवून घेत राहिल्याने १९१३ चा मासिक लेख अनेक दशके जवळजवळ कोणी पाहिलाच नाही. डोनाल्ड एर्लेनकॉटर यांनी १९८९ व १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांतून तो पुन्हा उजेडात आणला. १९९० मध्ये ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकाने मूळ लेखाचे पुनर्मुद्रणही केले. जॉर्ज बॅबकॉक यांनी १९१२ च्या सुमारास अशाच स्वरूपाचे समीकरण तयार केले होते, परंतु ते गुप्त ठेवले, असा उल्लेख जुन्या वाङ्मयात येतो. समीकरण तेव्हा प्रकाशित झालेले नसल्याने प्रस्तुत नोंदीत हॅरिस यांचाच अग्रक्रम मान्य केला आहे. येथे आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. १९५१ मध्ये केनेथ ॲरो व जेकब मार्शाक यांच्यासह इष्टतम साठा धोरणावर निबंध लिहिणारे हॅरिस हे थिओडोर हॅरिस हे गणिती होत. त्यांचा १९१३ च्या लेखाशी संबंध नाही.

हॅरिस यांनी व्याज व घसारा मिळून साठ्याच्या मूल्यावर वर्षाला १० टक्के आकार धरला होता आणि मागणी मात्र दरमहा मोजली होती. त्यामुळे त्यांच्या सूत्रात वर्गमूळाखाली २४० हा स्थिरांक दिसतो. वर्षाचे १२ महिने, सरासरी साठा निम्मा असल्यामुळे येणारा २ हा गुणक आणि ०.१० हा दर यांतून तो सिद्ध होतो (२ × १२ ÷ ०.१०). आजच्या मांडणीत वार्षिक मागणी ‘म’, दर आदेशामागील खर्च ‘आ’ आणि एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च ‘स’ मानल्यास परिमाण ‘प’ असे येते :

प = √(२ × म × आ ÷ स)

आदेशांचा वार्षिक खर्च म × आ ÷ प इतका, तर साठवणीचा खर्च स × प ÷ २ इतका असतो. विकलनाने, म्हणजे खर्चाच्या बदलाचा दर कोठे शून्य होतो ते पाहून, किमान बिंदू काढण्याची रीत सर्वत्र शिकवली जाते. परंतु या दोन खर्चांचा गुणाकार ‘प’ वर अवलंबून नसतो, आणि गुणाकार स्थिर असलेल्या दोन धन संख्यांची बेरीज त्या समान असताना किमान होते, एवढ्यावरून विकलनाशिवायही तेच सूत्र मिळते. ही दुसरी रीत अधिक स्वच्छ आहे आणि तिचे मर्म ओळखणेही महत्त्वाचे आहे. ‘दोन खर्च समान होतात तेथे एकूण खर्च किमान’ हा विधी केवळ या सूत्राच्या विशिष्ट रूपामुळे खरा ठरतो. साठवणीचा खर्च परिमाणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असेल, तर किमान बिंदूवर दोन्ही खर्च समान राहत नाहीत. सर्वसाधारण नियम सीमांत खर्चांच्या, म्हणजे परिमाण एका नगाने वाढवल्यास दोन्ही खर्चांत होणाऱ्या बदलांच्या, समतोलाचा आहे. हा भेद न सांगता आलेखावरील छेदनबिंदू दाखवून पुढे जाणाऱ्या मांडणीमुळे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पुढे सतत दिशाभूल होते.

उदाहरणादाखल वार्षिक मागणी ३,६०० नग, दर आदेशामागे खर्च २००, नगाची किंमत २० आणि साठवणीचा दर किमतीच्या २० टक्के, म्हणजे दर नगामागे वर्षाला ४, असे मानू. सूत्रानुसार परिमाण ६०० नग येते. वर्षाला ६ आदेश लागतात, आदेशखर्च १,२०० व साठवण खर्चही १,२०० होऊन एकूण खर्च २,४०० येतो. हे उदाहरण सोडवताना होणारी सर्वांत सामान्य चूक कालमापनाची असते. मागणी मासिक, म्हणजे ३००, आणि साठवणीचा खर्च मात्र वार्षिक घेतल्यास परिमाण सुमारे १७३ इतके येते. ते बरोबर वाटावे असेच असते. पण त्या परिमाणाने मागवल्यास एकूण वार्षिक खर्च सुमारे ४,५०० पर्यंत, म्हणजे किमान खर्चाहून ८८ टक्क्यांच्या आसपास अधिक होतो. हॅरिस यांनी मासिक मागणी घेऊनही ही चूक टाळली, कारण १२ हा गुणक त्यांनी आपल्या स्थिरांकात आधीच सामावून घेतला होता.

याच्या उलट, थोड्या फरकाला हे सूत्र बरेच सहनशील आहे. परिमाण किफायतशीर संख्येच्या दीडपट घेतले तरी खर्च सुमारे ८ टक्क्यांनीच वाढतो. दुप्पट किंवा निम्मे घेतल्यास वाढ २५ टक्के होते. मागणीचा अंदाजच दुप्पट चुकला, तरी वर्गमूळामुळे परिमाणातील चूक सुमारे १.४१ पटीपर्यंत मर्यादित राहते आणि खर्चातील वाढ ६ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणूनच उत्तर ६०७ आले असता सोयीच्या ६०० नगांचा आदेश देणे पूर्णतः समर्थनीय असते आणि दशांश चिन्हापुढील अचूकतेसाठी गुण कापणे विषयाच्या स्वरूपाशी सुसंगत नाही.

पुरवठादार मोठ्या खरेदीवर सूट देत असल्यास केवळ सूत्र पुरेसे होत नाही. वरील उदाहरणात १,००० किंवा अधिक नगांना १९.५० असा दर मिळत असेल, तर नव्या दराने परिमाण सुमारे ६०८ येते, म्हणजे ते सुटीस पात्र ठरत नाही. अशा वेळी सुटीची किमान मर्यादा, १,००० नग, घेऊन खरेदीमूल्यासह एकूण खर्च तपासावा लागतो. तो ७०,२०० + ७२० + १,९५० = ७२,८७० येतो; सुटीशिवाय तो ७४,४०० होता. येथे खरेदीमूल्य गणनेत न धरणे ही दुसरी नेहमीची चूक होय. मूळ प्रश्नात ते सर्व पर्यायांना समान असल्याने गाळता येते, सुटीच्या प्रश्नात येत नाही.

किती मागवावे याच्या जोडीला केव्हा मागवावे हा प्रश्न येतो आणि तो संख्याशास्त्राचा प्रांत आहे. विल्सन यांचे खरे योगदान बहुधा याच जोडणीत आहे. रोजची मागणी सरासरी १० नग, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) ३ आणि माल पोहोचण्यास ९ दिवस लागत असतील, तर त्या काळातील सरासरी मागणी ९० नग होते. दिवसादिवसांची मागणी परस्परांवर अवलंबून नसेल, तर त्या काळातील प्रमाण विचलन ३ × √९, म्हणजे ९ होते. ते २७ धरणे चूक आहे, कारण विचलनांची नव्हे, त्यांच्या वर्गांची, म्हणजे प्रचरणांची, बेरीज होते. मागणी प्रसामान्य वितरणानुसार असल्यास ९५ टक्के खेपांत तुटवडा पडू नये यासाठी १.६४५ × ९, म्हणजे सुमारे १५ नगांचा राखीव साठा लागतो आणि पुनरादेश पातळी, म्हणजे साठा जेथे उतरताच नवा आदेश द्यावा ती संख्या, १०५ नगांवर येते. ‘९५ टक्के खेपांत तुटवडा नाही’ आणि ‘९५ टक्के मागणी साठ्यातून भागली’ या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. उदाहरणात कोणती अभिप्रेत आहे हे स्पष्ट नसल्यास ते आधी ठरवून घ्यावे लागते.

लेखांकनाच्या दृष्टीने खरी अडचण ‘आ’ व ‘स’ या दोन आकड्यांची आहे आणि नेमके हेच आकडे परीक्षेतील उदाहरणात तयार दिलेले असतात. साठ्यात अडकलेल्या भांडवलाचा वैकल्पिक खर्च, म्हणजे ते अन्यत्र गुंतवल्यास मिळाला असता तो परतावा, कोणत्याही खतावणीत नोंदवलेला नसतो. आंतरराष्ट्रीय लेखा मानक २ नुसार साठवणीचा खर्च सामान्यतः मालसाठ्याच्या परिव्ययात धरला जात नाही. उत्पादनाच्या पुढील टप्प्यापूर्वी साठवण आवश्यक असल्यास मात्र अपवाद होतो. त्यामुळे ताळेबंदातील मूल्यावरून ‘स’ थेट वाचता येत नाही. आदेशखर्चाबाबत याहून मोठा भ्रम आढळतो. खरेदी विभागाचा वार्षिक खर्च आदेशांच्या संख्येने भागून येणारा आकडा हा सरासरी खर्च होय. सूत्राला लागतो तो एक आदेश वाढल्याने प्रत्यक्ष वाढणारा खर्च. आदेश निम्मे झाले तरी कर्मचाऱ्यांचे वेतन कमी होणार नसेल, तर ते वेतन ‘आ’ मध्ये येऊ नये. सरासरी आकडा वापरल्यास ‘आ’ फुगतो आणि गरजेपेक्षा मोठे आदेश गणिताने सिद्ध झाल्यासारखे दिसतात. उदाहरणात स्थिर व बदलते खर्च मिसळून दिले असता ते वेगळे करणे, हीच त्या उदाहरणाची खरी परीक्षा समजावी. सूत्रात आकडे भरण्याचे काम त्यामानाने गौण आहे.

मूळ सूत्राची गृहीतके सैल करून अनेक रूपे निर्माण झाली. सर्व माल एकदम न येता उत्पादनाच्या गतीने येतो, ही स्थिती ई. डब्ल्यू. टाफ्ट यांनी १९१८ मध्ये मांडली. कालपरत्वे बदलणाऱ्या मागणीसाठी हार्वे वॅग्नर व थॉमसन व्हिटिन यांनी १९५८ मध्ये गणनविधी दिला. विल्यम बॉमोल यांनी १९५२ मध्ये हाच विचार रोख रकमेला लावला. तेथे नगांच्या जागी रोकड, आदेशखर्चाच्या जागी रोखे मोडण्याचा खर्च आणि साठवण खर्चाच्या जागी बुडणारे व्याज येते. जेम्स टोबिन यांनी १९५६ मध्ये त्याचा विस्तार केला. मात्र मोरिस आले यांनी १९४७ मध्येच हे सूत्र मांडले होते, हे या दोघांनी पुढे मान्य केले. जपानी वाहन उद्योगात वेगळी दिशा घेतली गेली. साच्यांची अदलाबदल जलद करून तयारीचा खर्चच, म्हणजे कारखान्यातील ‘आ’, घटवण्यावर तेथे भर दिला गेला. तो एक चतुर्थांश झाल्यास सूत्रानुसार परिमाण निम्मे होते.