गरम अननस आणि शंभर रुपयांचं इंजेक्शन

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामींनी एक मेसेज टाकला. गरम नारळपाणी प्या, कॅन्सरच्या पेशी मरतात. खाली नाव होतं मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांचं. हा मेसेज इतका फिरला की मे महिन्यात टाटा मेमोरियललाच खुलासा काढावा लागला : डॉक्टर असं काही बोललेले नाहीत. पुढे नारळ गेला, अननस आला. डॉक्टरांचं नावही बदललं. पाणी मात्र गरमच राहिलं.

यातली गंमत अशी की त्याच काळात बडवे आणि त्यांचे सहकारी खरोखरच एका साध्या, स्वस्त औषधाची कॅन्सरवर चाचणी घेत होते. त्याबद्दल आमच्या ग्रुपवर कधी चकार शब्द आला नाही.

ते औषध म्हणजे लिग्नोकेन. दात काढताना डेंटिस्ट हिरडीत सुई टोचतो आणि अर्धा ओठ जड होतो, तेच. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये तयार झालेलं, आज कुठल्याही दवाखान्याच्या कपाटात सापडणारं. टाटातली कल्पना सोपी होती. स्तनातली गाठ काढायच्या ७ ते १० मिनिटं आधी तिच्या सगळ्या बाजूंनी लिग्नोकेन टोचायचं आणि मग नेहमीसारखी शस्त्रक्रिया करायची.

कशासाठी? गाठ काढताना ती दाबली जाते, हलते. त्या गडबडीत काही पेशी निसटून रक्तात शिरत असाव्यात, अशी शंका सर्जनना बऱ्याच वर्षांपासून होती. आता लिग्नोकेन करतं काय, तर मज्जातंतूच्या पटलावरच्या, सोडियम आत घेणाऱ्या वाहिन्या बंद करतं. म्हणून दुखणं मेंदूपर्यंत पोचत नाही. कॅन्सरच्या काही पेशींवरही अशाच वाहिन्या असतात आणि त्या पेशींना सरकायला, आजूबाजूला घुसायला मदत करतात. मग ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी त्या वाहिन्यांची दारं लावून घेतली तर?

२०११ पासून देशातल्या ११ केंद्रांमध्ये १६०० स्त्रियांवर हे तपासलं गेलं. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही. निकाल २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापून आला. आजार न उलटता पाच वर्षं काढणाऱ्या स्त्रिया इंजेक्शनच्या गटात ८६.६ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ८२.६. हयात असणाऱ्या ९०.१ विरुद्ध ८६.४. खर्च प्रत्येकीमागे शंभर रुपयांच्या आत.

हे मी मामींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढंच? शंभरात चार?”

अहो मामी, लाखो रुपयांच्या कित्येक नव्या औषधांना एवढाही फरक दाखवता येत नाही. तरी मामींची शंका अगदीच वाया घालवू नये. या चाचणीत दुसऱ्या गटाला खोटं, नुसत्या पाण्याचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, आणि कोणाला औषध मिळालंय ते सर्जनला माहीत होतं. दुसऱ्या कोणी हीच चाचणी पुन्हा करून तोच निकाल आला तर मला जास्त बरं वाटेल.

जुन्या औषधाला नवं काम देण्याच्या या उद्योगाला रिपर्पझिंग म्हणतात. टाटातलंच दुसरं उदाहरण तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचं. तंबाखूच्या कृपेने आपल्याकडे त्याचे रुग्ण अमाप. आजार पुढे गेलेला असला की दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाची सलाईन लावायची पद्धत होती. त्याऐवजी तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या : आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, आणि सोबत रोज दोनदा सेलेकॉक्सिब. मेथोट्रेक्सेट कॅन्सरचंच जुनं औषध, पण सेलेकॉक्सिब म्हणजे गुडघेदुखीवाले घेतात ती गोळी. एकदम दणका द्यायचा नाही, थोडं थोडं औषध ठेक्यात देत राहायचं. ४२२ रुग्णांच्या चाचणीत गोळ्यांच्या गटातले निम्मे रुग्ण ७.५ महिन्यांच्या पुढे जगले. सलाईनच्या गटात हाच आकडा ६.१ महिने होता. गंभीर त्रासही कमी : १९ टक्क्यांना, तिकडे ३० टक्क्यांना. दीड महिना म्हणजे काही चमत्कार नव्हे. पण गावाहून मुंबईला येऊन फुटपाथवर पथारी टाकणाऱ्या माणसाला सलाईनऐवजी घरी बसून गोळी घेता येणं ही काय चीज आहे, ते परळच्या त्या रस्त्यावरून एकदा चाललं की कळतं.

याहून नाट्यमय गोष्ट सोमलाची. सोमल म्हणजे पांढरं आर्सेनिक. १९७० च्या दशकात चीनमधल्या हार्बिन शहरातल्या डॉक्टरांच्या हाती एक गावठी नुस्खा आला. त्यात सोमल होता, पाऱ्याचा क्षार होता आणि भेकाचं विषही होतं. इथवरची गोष्ट कुठल्याही वैदूच्या टपरीवर शोभली असती. पण त्यांनी एकेक घटक सुटा केला, मोजून दिला, आणि काम करतो तो सोमल हे ठरवलं. तेही सगळ्या कॅन्सरवर नाही, रक्ताच्या कॅन्सरच्या एकाच प्रकारावर. त्याचं नाव एपीएल. या आजारात दोन जनुकं चुकीची जोडली जाऊन एक विकृत प्रथिन तयार होतं आणि रक्तपेशींची वाढ अर्धवट वयात अडकते. सोमल त्याच प्रथिनाला धरून त्याचा निकाल लावतो. एके काळी रक्तस्रावाने दिवसांत माणूस नेणारा हा आजार आज सोमल आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप या जोडीने बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने, खर्च परवडावा म्हणून, नुसत्या सोमलावरही रुग्ण बरे करून दाखवले. मात्र यात मात्रा रोज तोलून, हृदयाच्या आलेखावर नजर ठेवून द्यावी लागते. घरी सोमल खाल्ला तर तो सोमलच आहे.

आणि फसलेले प्रयोग? भरपूर. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसतो, अशी निरीक्षणं वर्षानुवर्षं येत होती. शेवटी मधुमेह नसलेल्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या साडेतीन हजारांहून जास्त स्त्रियांना पाच वर्षं मेटफॉर्मिन किंवा खोटी गोळी देऊन पाहिली. २०२२ मध्ये निकाल आला : आजार उलटण्यात काही फरक नाही. हा निकाल व्हॉट्सॲपवर कोण कशाला पाठवेल?

आता अननस. तो पूर्ण थापेबाज नाही, म्हणून तर त्याच्याबद्दल लिहायचं.

मटण शिजत नसेल तर आपण कच्च्या पपईचा कीस चोळतो. पपईच्या चिकातलं पपेन हे एन्झाइम मांसातली प्रथिनं तोडतं. एकदा पाहुणे येणार म्हणून मी रात्रीच पपई चोळून मटण ठेवलं आणि सकाळी पातेल्यात लगदा सापडला. अननसातल्या एन्झाइमचं नाव ब्रोमेलेन. जास्त अननस खाल्ल्यावर जीभ चरचरते, त्यात त्याचाही हात असतो; आपण अननस खातो तेव्हा अननसही आपल्याला थोडा खात असतो. हे एन्झाइम फळापेक्षा खोडात जास्त असतं, म्हणजे फळ काढल्यावर जे शेतात फेकलं जातं त्यात. या खोडाच्याच एन्झाइमांपासून बनवलेलं एक औषध भाजलेल्या माणसाची जळालेली मेलेली कातडी विरघळवायला वापरतात. युरोपात त्याला २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

कॅन्सरशी त्याचा खरा संबंध सिडनीच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये जुळला. तिथले सर्जन डेव्हिड मॉरिस एका विचित्र, दुर्मीळ आजाराचे रुग्ण पाहतात. बहुतेकदा ॲपेंडिक्समधल्या गाठीपासून सुरुवात होते. ती गाठ फुटते, तिच्या पेशी पोटाच्या पोकळीत पसरतात आणि चिकट बुळबुळीत स्राव सोडत राहतात. पोट जेलीने भरत जातं. उपाय म्हणजे तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया : पोट उघडायचं आणि आतड्यांच्या घड्यांमधून ती जेली काढत बसायचं. ती परत झाली की पुन्हा पोट उघडणं दर वेळी जास्त अवघड.

ही जेली म्हणजे म्युसिन. प्रथिनांचे लांब दोर, त्यांवर साखरेच्या साखळ्या, आणि दोरांना एकमेकांशी बांधणाऱ्या गंधकाच्या गाठी. दोर कापायला ब्रोमेलेन आहे. गाठी सोडवायला काय? तिथे जुनं औषध कामी आलं. ॲसिटिलसिस्टीन हे छातीतला घट्ट कफ पातळ करायला आणि पॅरासिटामॉलची विषबाधा उतरवायला कित्येक वर्षं वापरात आहे. कफही म्युसिनच, आणि हे औषध नेमक्या त्या गंधकाच्या गाठी तोडतं. दोन्ही एकत्र केल्यावर एकेकट्याला न जमलेलं काम झालं. पोटात नळी घालून हे मिश्रण थेट जेलीत सोडायचं आणि विरघळलेलं पाणी नळीतूनच बाहेर ओढायचं. २० रुग्णांवरचा पहिला अहवाल २०२१ मध्ये आला. बऱ्याच जणांत जेली खरोखर विरघळून निघाली. त्रासही झाला, पोटात दुखणं आणि अंगात दाह मुख्यतः. वीस जण म्हणजे फार थोडे, आणि जेली निघाली म्हणजे कॅन्सर बरा झाला असंही नाही. पण पोट न फाडता ओझं उतरवता येतं, हे दिसलं.

नीट बघा : खोडातून काढून शुद्ध केलेलं एन्झाइम, मोजलेली मात्रा, नळीने नेमक्या जागी. तोंडाने घेतलेलं ब्रोमेलेन म्हणजे पोटात गेलेलं आणखी एक प्रथिन. त्यातलं फारच थोडं रक्तापर्यंत पोचतं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ते कॅन्सरच्या पेशी मारतं हे खरं, पण बशीतल्या पेशी खूप मीठ घातलं तरी मरतात. आणि ब्रोमेलेनच्या कॅप्सूल दुकानात मिळतात म्हणून किमो चालू असताना परस्पर सुरू करू नयेत. त्या घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारावंच.

“मग अननस खायचा की नाही?” मामींनी विचारलं. खा की. पण गरम पाण्याचं काय ते दाखवतो, म्हटलं, आणि दोन वाट्यांत जेलीचं पाणी केलं. जिलेटिन हाडा-कातड्यांपासून बनतं हे ऐकून मामींनी नाक मुरडलं, त्यामुळे ढवळाढवळ सगळी माझ्याकडे. पाणी कोमट झाल्यावर एका वाटीत कच्च्या अननसाच्या फोडी टाकल्या. दुसरीत तेवढ्याच फोडी, पण दहा मिनिटं उकळून थंड केलेल्या. दोन्ही वाट्या रात्रभर फ्रिजमध्ये.

सकाळी कच्च्या अननसाची वाटी तशीच पाणीदार होती. ब्रोमेलेनने जिलेटिनचे दोर कापून टाकले होते, जमायला काही उरलंच नव्हतं. मामींनी उकळलेल्या अननसाची वाटी उचलली, जरा घाबरत उलटी केली. जेली वाटीला घट्ट धरून होती. उकळीत एन्झाइम मेलं होतं.

“म्हणजे गरम केल्यावर त्यात काहीच राहत नाही?”

“चव राहते.”

मामींनी फोन काढला आणि उलट्या वाटीचा फोटो ग्रुपवर टाकला.