पुराभिलेखागारात घराण्याचा शोध

पुराभिलेखागार म्हणजे सरकारचे जुने कागद सांभाळणारं ऑफिस. अर्ज आणि ओळखपत्र दिलं की साध्या माणसालाही तिथं बसून कागद बघता येतात, पीएचडी वगैरे लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं अशी ऑफिसं आहेत. मुंबईचं १८२१ सालचं, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, तिथं मुंबई सरकारच्या इंग्रजी फायली भरपूर. पण देशावरच्या गावातल्या घराण्याचा माग काढायचा तर पाय पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांकडे वळतात.

१८१८ ला पेशवाई गेली, दफ्तर इंग्रजांकडे आलं, आणि पुढे इनाम जमिनींची चौकशी करणारं इनाम कमिशन बसलं. १८५२ चा कायदा झाल्यावर प्रत्येक इनामदाराला विचारलं गेलं की ही जमीन तुझी कशावरून, सनद दाखव. मग लोकांनी सनदा, महजर (पंचांचे निवाडे), कैफियती (लेखी हकिकती) आणि सोबत आपापल्या वंशावळी आणून दिल्या. आज आपल्याला सहा-सात पिढ्या सापडतात त्या बऱ्याचदा ह्या चौकशीच्या कृपेनं. थोडक्यात, जिथं जमीन, पैसा किंवा भाऊबंदकी तिथंच कागद. वतन, म्हणजे पिढीजात हक्काचं काम किंवा जमीन नसलेलं, सरळ नांगर धरून जगलेलं कुटुंब ह्या दफ्तरात फारसं दिसत नाही, आणि वंशावळीत बायकांची नावं तर शोधून शोधून डोळे दुखतात, एखादी विधवा हक्कासाठी भांडली असेल तरच ती कागदावर.

आडनाव घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. जुन्या कागदात माणूस नाव, बापाचं नाव, वतन आणि गाव एवढ्यावर ओळखला जातो, म्हणून गाव तेव्हा कुठल्या परगण्यात, कुठल्या तर्फेत (तेव्हाचे तालुक्यासारखे विभाग) होतं ते आधी काढून ठेवा. त्यावरून यादीत नंबर बघायचा, चिठ्ठी द्यायची, मग रुमाल येतो, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. ते उलगडताना घाई नको, कागद ठिसूळ असतो, आणि पेन बाजूला ठेवून पेन्सिल घ्यावी. फोटो काढायचे तर आधी विचारायचं.

खरी अडचण मोडीची, म्हणजे ज्या जुन्या लिपीत हे कागद लिहिलेत तिची. आधी ओळभर रेघ ओढून त्याखाली सलग लिहिलेलं, शब्द कुठं तुटतो कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. वर तारखा शुहूर सनात, म्हणजे अरबी आकडे शब्दांत लिहिलेल्या जुन्या सालात! सन सबा अशर मयातैन व अलफ म्हणजे ७ + १० + २०० + १०००, झाले १२१७, त्यात ५९९ मिळवले की इ.स. १८१६, पण हे वर्ष मृगापासून, म्हणजे जूनमध्ये सुरू होतं त्यामुळे जानेवारीचा कागद असेल तर ६०० मिळवायचे. मोडीचे वर्ग पुराभिलेख खातंच घेतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला.

जातीच्या दाखल्यासाठी पुरावा हवा असेल तर मात्र सुरुवात तालुक्याला. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद लागते, आणि कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ मधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात बघायच्या, शाळेचं जुनं रजिस्टर शाळेत. गोव्यातल्या घराण्यांचं वेगळंच, पणजीच्या दफ्तरात चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची पुस्तकं आहेत, तिथं मोडीऐवजी पोर्तुगीज वाचणारा सोबत न्यावा.