हेवीवेटचं घड्याळ

रविवारी सकाळी अर्धी मुंबई मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघत असते, तेव्हा लालबाग-परळच्या काही घरांत आणि बऱ्याच जिममध्ये अमेरिकेतल्या शनिवार रात्रीच्या लढती लागलेल्या असतात. वेळेच्या फरकामुळे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, हा आपल्याकडे पोहे खाता खाता बघायचा खेळ झाला आहे. हलक्या गटाच्या लढतीत पोरं तंत्रावर बोलतात. हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटाचे, आले की आवाज चढतो, आणि बोलणं दोनच वाक्यांवर येऊन थांबतं. एक जण म्हणतो, ‘एक बसला की खेळ खल्लास.’ दुसरा म्हणतो, ‘थांब रे, दुसऱ्या राउंडला याचा गॅस संपतो बघ.’

गंमत अशी की दोघंही बरोबर असतात. दोघांच्या म्हणण्यामागे एकच कारण आहे, ते म्हणजे मोठं शरीर. शरीर वाढलं की त्याच्या सगळ्या गोष्टी सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून हेवीवेटमध्ये ‘कोण जिंकणार’ हा प्रश्न मला नेहमी अर्धवट वाटतो. कितव्या मिनिटाला, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आधी वजनाचा हिशोब. यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या अमेरिकी संघटनेत, खालचे गट साडेचार ते नऊ किलोंच्या अंतरानं बदलतात. लाइट हेवीवेटची मर्यादा २०५ पौंड, म्हणजे ९३ किलो. तिथून पुढे थेट २६५ पौंडांपर्यंत, म्हणजे १२० किलोंपर्यंत, सगळे एकाच गटात. एकाच पिंजऱ्यात समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांमध्ये २५ किलोंचा फरक असू शकतो, आणि तो नियमात बसतो. १९९३ साली डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली तेव्हा तर वजनगटच नव्हते. जेमतेम ८० किलोंच्या रॉयस ग्रेसीनं ती स्पर्धा जिंकली. वजन म्हणजेच सगळं असतं तर हे घडलं नसतं, पण त्याला ठोसाठोशी करावी लागली नाही हेही खरं. त्यानं गळे आवळले.

आता ठोसा. १९८५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापून आला. त्यात हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रुनोचा ठोसा यंत्रावर मोजला होता. मूठ सेकंदाला ८.९ मीटर वेगानं आली, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. जोर भरला ४,०९६ न्यूटन. ४०० किलोंपेक्षा थोडं जास्त वजन क्षणभर अंगावर यावं तितका. पुढे २००५ साली ऑलिंपिक दर्जाच्या सात बॉक्सरांवर अशीच मोजणी झाली. त्यांत फ्लायवेटपासून सुपर हेवीवेटपर्यंत सगळे होते. मुठीचा सरासरी वेग तिथेही सेकंदाला ९ मीटरच्या आसपासच निघाला. वजनगट वाढला तसा ठोशाचा दणका वाढला, पण तो मुख्यतः ‘परिणामी वस्तुमाना’मुळे. म्हणजे मूठ लागते त्या क्षणी तिच्यामागे शरीराचा किती भाग घट्ट जोडलेला असतो, ते. या बॉक्सरांची सरासरी २.९ किलो आली. नुसत्या मुठीचं वजन याच्या कितीतरी कमी असतं.

बाकीचे किलो येतात खांद्यातून, पाठीतून, कंबरेतून. कॅनडाचे पाठीच्या कण्याचे तज्ज्ञ स्टुअर्ट मॅकगिल यांनी २०१० साली अव्वल एमएमए लढवय्यांच्या स्नायूंचे विद्युतसंकेत नोंदवले. ठोसा सुटताना स्नायू आवळतात, मधल्या प्रवासात सैल होतात आणि लागतानाच्या क्षणी पुन्हा आवळतात. मधे सैल झाले नाहीत तर वेग मिळत नाही. शेवटी आवळले नाहीत तर वजन मिळत नाही. जिममध्ये नवा पोरगा पहिल्या दिवशी बॅग बडवतो तेव्हा तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवळलेलाच असतो. दोन मिनिटांत हात जड होतात आणि बॅग हलतही नाही.

इथे यूएफसीचा माजी हेवीवेट विजेता फ्रान्सिस एनगानू याच्या ठोशाचा विषय निघणारच. एका यंत्रावर त्याच्या ठोशाचा आकडा १,२९,१६१ आला आणि ‘फोर्ड एस्कॉर्ट गाडी सुसाट येऊन आदळावी तसा’ अशी जाहिरात झाली. तो आकडा न्यूटनमध्ये नाही, ज्युलमध्येही नाही. त्या यंत्राचं स्वतःचं एकक आहे. गाडीचं म्हणाल तर हिशोब कागदावर करता येतो. २.९ किलो आणि सेकंदाला ९ मीटर घेतले की ठोशाची ऊर्जा १२० ज्युलच्या आसपास येते. एनगानूसाठी ती तिप्पट धरू, ३६० ज्युल. हजार किलोंची गाडी हिंदमाताच्या ट्रॅफिकमध्ये ताशी १० किलोमीटरनं रखडत चालली असेल, तरी तिच्यात सुमारे ३,९०० ज्युल असतात. रखडणारी गाडीसुद्धा दहापट भारी पडते, सुसाट गाडीचं तर बोलायलाच नको. एनगानूला यात काही कमीपणा नाही. माणूस बेशुद्ध करायला गाडीइतकी ऊर्जा लागतच नाही, हा मुद्दा.

लागतं ते डोक्याचं झटक्यात फिरणं. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ साली कवटीच्या आकारात जिलेटिन भरून प्रयोग केले. डोकं सरळ रेषेत ढकललं तर आतल्या मऊ पदार्थावर ताण कमी येतो. डोकं गर्रकन फिरलं तर थरावर थर घसरून ताण खूप वाढतो, हे त्यांनी दाखवलं. मेंदूचंही तसंच. हनुवटी मानेच्या आसापासून लांब असते, म्हणून बाजूनं तिथे बसलेला हुक डोकं जास्त फिरवतो. कपाळावर तोच ठोसा बसला तर मारणाऱ्याचाच हात मोडायची शक्यता जास्त.

आता मोठ्या शरीराची पहिली फसगत इथे आहे. ५७ किलोंच्या फ्लायवेटचा मेंदू सुमारे १.४ किलोंचा आणि १२० किलोंच्या हेवीवेटचाही जवळपास तितकाच. मारणाऱ्या बाजूला वजन दुप्पट झालं, मार खाणाऱ्या बाजूला मेंदू होता तेवढाच राहिला. जाड मान थोडी मदत करते, पण ती आधी आवळलेली असेल तरच. न दिसलेला ठोसा आला की जाड मान असून नसल्यासारखी. ‘त्याची चिन लोखंडी आहे’ असं आपण सहज म्हणतो. हनुवटी कुणाचीच लोखंडी नसते, काहींना ठोसा वेळेवर दिसतो एवढंच. आणि ज्यांना खरोखर खूप मार पचतो, त्यांची मला जास्त काळजी वाटते. टोरंटोच्या संशोधकांनी २००६ ते २०१२ या काळातल्या यूएफसी लढती तपासल्या. बेशुद्ध करणारा ठोसा बसल्यापासून लढत थांबेपर्यंत सरासरी ३.५ सेकंद गेले होते, आणि तेवढ्यात हरणाऱ्याच्या डोक्यावर आणखी सरासरी २.६ फटके पडले होते. रेफ्रीनं लवकर थांबवलं म्हणून स्क्रीनसमोर शिव्या घालणाऱ्यांनी हा आकडा एकदा मनात घोळवावा.

आता दुसरं वाक्य: गॅस संपतो. का संपतो?

शरीराची उंची-रुंदी वाढते तशी त्वचा क्षेत्रफळाच्या हिशोबानं वाढते आणि वजन घनफळाच्या. ६० किलो आणि १७० सेंटिमीटरच्या माणसाची त्वचा सुमारे १.७ चौरस मीटर भरते. १२० किलो आणि १९५ सेंटिमीटरच्या माणसाची अडीच चौरस मीटर. वजन दुप्पट, त्वचा दीडपट. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा कामी येतो, बाकी उष्णता होते, आणि ती बाहेर टाकायला त्वचेशिवाय मोठी वाट नाही. मे महिन्यात धारावीतल्या किंवा अंधेरीतल्या एखाद्या एसी नसलेल्या जिममध्ये हे शिकवावं लागत नाही. घाम सुकला तरच शरीर थंड होतं, आणि मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता मॅटवर टपकतो. सडपातळ पोरगा तरी तग धरतो. शंभरीपुढचा गडी भिंतीला टेकतो.

पण उष्णता हे मोठ्या लढतीत दुसऱ्या क्रमांकाचं कारण. पहिलं म्हणजे इंधन. पूर्ण ताकदीनं मारलेल्या ठोशांच्या सरीला लागणारी ऊर्जा स्नायूतल्या फॉस्फोक्रिएटिनमधून येते, आणि हा साठा साधारण दहा सेकंदांचा. तो पुन्हा भरायला ऑक्सिजन लागतो. दरम्यान ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय मोडून काम चालवावं लागतं. त्यात स्नायूत फॉस्फेट आणि आम्लता साचते आणि आकुंचन कमजोर पडतं. त्यातच तयार होणाऱ्या बिचाऱ्या लॅक्टेटवर याचं खापर फुटतं, खरं तर ते पुढे इंधन म्हणूनच वापरलं जातं. राउंड पाच मिनिटांचा, विश्रांती एका मिनिटाची. साठा पूर्ण भरायला एक मिनिट पुरत नाही. प्रत्येक किलोमागे मिळणारा ऑक्सिजन मोजला तर मोठ्या शरीराच्या वाट्याला तो कमीच येतो.

त्यात कुस्ती आली की आणखी पंचाईत. स्नायू जोरानं आवळून धरला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ज्या क्षणी रक्त सगळ्यात जास्त हवं, त्याच क्षणी ते अडतं. आपल्याकडे तालमीत वस्ताद जोर-बैठकांनंतर लगेच लढत धरायला लावतात ते उगाच नाही. पकड धरून श्वास घ्यायची सवय तिथेच लागते. ‘दमसास’ हा पैलवानाचा वेगळा गुण मानायची आपली जुनी पद्धत शरीरशास्त्राच्या दृष्टीनं अगदी योग्य आहे. या बाबतीत आपल्याकडच्या चाहत्यांना एक नाव लगेच आठवतं: भारतीय वंशाचा कॅनेडियन पैलवान अर्जन भुल्लर. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं कॅनडाकडून १२० किलो गटात कुस्तीचं सुवर्ण जिंकलं, आणि २०२१ साली ब्रँडन व्हेराला हरवून तो वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए संघटनेचा हेवीवेट विजेता झाला. व्हेरा दुसऱ्या राउंडमध्ये दमला होता.

घड्याळाचा याहून स्पष्ट दाखला हवा असेल तर जानेवारी २०१८, बॉस्टन. एनगानू समोरच्यांना एका ठोशात झोपवत आलेला, विजेता स्टिपे मिओचिच मात्र अनेकांच्या हिशोबात संपलेला. पहिल्या राउंडमध्ये एनगानूनं हवेत जे ठोसे फेकले, त्यातला एखादा नीट बसता तर इतिहास वेगळा झाला असता. मिओचिचनं ते चुकवले, पट काढले, वर वजन टाकून पडून राहिला. हवेत गेलेल्या ठोशालाही इंधन तेवढंच लागतं, उलट थांबवायला वेगळं लागतं. दुसऱ्या राउंडपासून एनगानूचे हात खाली आले. तिन्ही पंचांनी ५०-४४ असा कौल मिओचिचला दिला. मार्च २०२१ मध्ये दोघं पुन्हा भेटले, तेव्हा एनगानू घाईत नव्हता. एका एका ठोशाचा हिशोब ठेवत होता, आणि दुसऱ्याच राउंडमध्ये त्यानं मिओचिचला पाडलं. ठोसा तोच होता, खर्च करायची पद्धत बदलली होती.

आणि मग मेक्सिको सिटी, जून २०१५. तेव्हाचा विजेता केन वेलास्केझ याला त्याच्या अफाट दमामुळे चाहते ‘कार्डिओ केन’ म्हणायचे. शहर समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरपेक्षा उंच, हवेचा दाब आपल्या गिरगाव चौपाटीवरच्या दाबाच्या जेमतेम तीन चतुर्थांश. त्याचा प्रतिस्पर्धी फॅब्रिसिओ वर्डुम बराच आधी जाऊन उंचावर सराव करत होता, वेलास्केझ उशिरा पोहोचला. तिसऱ्या राउंडमध्ये थकलेला वेलास्केझ पट काढायला खाली गेला आणि मान वर्डुमच्या काखेत देऊन बसला. गळ्यातल्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दाबल्या की मेंदूचा पुरवठा तुटतो. १९४३ सालच्या एका प्रयोगात माणसं सहा-सात सेकंदांत बेशुद्ध झाली होती. वेलास्केझनं त्याआधीच हात आपटला. चाहते अजून ‘सी लेव्हल केन’ म्हणून त्याची टिंगल करतात. ती मला आवडत नाही. उंचीवर रक्त जुळवून घ्यायला आठवडे लागतात, जिद्दीनं ते लवकर होत नाही.

हे सगळं घेऊन आजच्या दावेदारांकडे बघूया. जून २०२५ मध्ये यूएफसीचा हेवीवेट विजेता जॉन जोन्सनं निवृत्ती जाहीर केली आणि तोवर अंतरिम विजेता असलेला टॉम अ‍ॅस्पिनॉल पूर्ण विजेता झाला. २५ ऑक्टोबर २०२५ ला अबू धाबीत सिरिल गानविरुद्धची त्याची लढत पहिल्याच राउंडमध्ये डोळ्यात बोट गेल्यामुळे निकालाविना थांबली. त्यानंतर आपल्याकडे सगळी भांडणं एकाच मुद्द्यावर: लढत पुढे गेली असती तर?

अ‍ॅस्पिनॉलच्या तोपर्यंतच्या यूएफसीतल्या दहाही लढतींची वेळ एकत्र केली तर तेवीस मिनिटं भरतात. एका विजेतेपदाच्या लढतीची पाच राउंडांची पंचवीस मिनिटंसुद्धा पूर्ण होत नाहीत. पाच मिनिटांच्या पुढे तो एकदाच गेला, फेब्रुवारी २०२१ मध्ये आंद्रेई आर्लोव्हस्कीविरुद्ध, आणि तेही जेमतेम मिनिटभर. पाव्हलोविचला ६९ सेकंदांत, ब्लेड्सला ६० सेकंदांत संपवणाऱ्याचा वेग हेवीवेटमध्ये क्वचित दिसतो, यात वाद नाही. पण अकराव्या मिनिटाला त्याचा तोच वेग टिकेल की नाही, याचा पुरावाच अस्तित्वात नाही, ना बाजूनं ना विरुद्ध. त्याचे भक्त ‘त्याला गरजच पडत नाही’ म्हणतात, आणि विरोधक ‘त्याचा दम नाही’ म्हणून मोकळे होतात. दोघंही रिकाम्या वहीतून वाचतात.

गानची वही भरलेली आहे. रोझेनस्ट्रुइक, व्होल्कोव्ह आणि जानेवारी २०२२ मध्ये एनगानू, तिघांविरुद्ध तो पूर्ण पंचवीस मिनिटं उभा होता, पायांवर हलका, श्वास ताब्यात. एनगानूनं त्याला हरवलं ते दुखऱ्या गुडघ्यानं, कुस्ती करून. मार्च २०२३ मध्ये जोन्सनं त्याला दोन मिनिटांत गळा आवळून संपवलं तेही जमिनीवरच. म्हणजे त्याची कमजोरी कुठे आहे तेही लिहिलेलं आहे, आणि ती ठोशात नाही.

म्हणून दोघं पुन्हा समोरासमोर आले तर माझा अंदाज घड्याळ लावूनच: पहिल्या सात मिनिटांत अ‍ॅस्पिनॉल, तोही गानला खाली नेऊन. तिसरा राउंड सुरू झाला आणि गान अजून उभा असेल, तर मी बाजू बदलणार.