प्रवाळाच्या टाकीतला एंजलफिश : बंदी कशी आली आणि सैल कशी झाली

समुद्री टाकी ठेवणाऱ्याला नवखा माणूस हमखास विचारतो : कोरलच्या टाकीत एंजल चालेल का? एक जण सांगतो, चुकूनही सोडू नका, महिनाभरात सगळं कुरतडेल. दुसऱ्याच्या घरी तोच मासा वर्षानुवर्षं अॅक्रोपोरा या प्रवाळाच्या फांद्यांमधून हिंडत असतो. दोघंही खरंच सांगत असतात. माशाचा स्वभाव बदललेला नाही. गेल्या साठ वर्षांत बदलत गेली ती टाकी, आणि सल्ले मात्र ज्या त्या काळातले तसेच फिरत राहिले.

आधी एक खुलासा. आपल्याकडच्या दुकानांत दिसणारा लांब परांचा, चपटा एंजलफिश हा दक्षिण अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. त्याचा इथे संबंध नाही. समुद्री एंजलफिश हे पोमाकँथिडी नावाचं स्वतंत्र कुळ. जाती नव्वदच्या आसपास. गालाच्या खालच्या कडेला एक दणकट काटा असतो. जाळीने पकडताना तो हटकून अडकतो, म्हणून जाणते लोक हा मासा जाळीने न उचलता डब्यात घेतात.

खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचा शौक इंग्लंडात 1850च्या दशकात सुरू झाला. निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉसने तर 1854 मध्येच कृत्रिम समुद्रपाण्याची कृती छापली होती. पण त्या टाक्या थंड किनाऱ्यावरच्या शंखशिंपल्यांच्या आणि समुद्रफुलांच्या. उष्ण समुद्रातले रंगीत मासे घराघरांत पोचायला पॉलिथिनची पिशवी, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि जेट विमान या तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. 1964 मध्ये अमेरिकेत इन्स्टंट ओशन हे तयार मीठ बाजारात आलं आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्यांचीही सोय झाली. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, ते अगदी समुद्राला लागून. पाण्यासाठी लांब जावं लागणार नाही, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती!

साठ-सत्तरच्या दशकांतल्या टाकीत एंजलफिश राजासारखा मिरवायचा. विशेषतः एम्परर. गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं ल्यालेलं पिल्लू मोठं होता होता पिवळ्या-निळ्या आडव्या पट्ट्यांचा, डोळ्यांवर काळा मुखवटा असलेला वेगळाच मासा होतो. जर्मन मत्स्यशास्त्रज्ञ ब्लॉखने 1787 मध्ये प्रौढ माशाचं वर्णन केलं. पिल्लाला मात्र ती निराळीच जात समजून निकोबार बेटांवरून वेगळं शास्त्रीय नाव दिलं गेलं होतं. घरातल्या घरात हा कायापालट बघायला मिळतो म्हटल्यावर लोक वेडे होणारच.

त्या टाक्यांत प्रवाळ असायचे, पण मेलेले. पांढरेशुभ्र सांगाडे, शेवाळ चढलं की बाहेर काढून ब्लीचमध्ये बुडवायचे. खाली रेतीतून पाणी ओढणारा फिल्टर, आणि माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध. या कॉपरपाशी सगळी गोष्ट अडते. लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम तांबं परजीवींना मारतं, मासा ते सोसतो. पण प्रवाळ, कोळंबी, शंख यांना तेवढंच तांबं जीवघेणं असतं. शिवाय ते चुन्याच्या खडकांत मुरतं आणि पुढे किती काळ झिरपत राहील याचा नेम नसतो. म्हणजे एंजल आणि जिवंत प्रवाळ वेगळे झाले ते आधी औषधामुळे. मासा प्रवाळाला तोंड लावतो की नाही, हे तपासण्याची वेळच त्या पिढीवर आली नाही.

दुसरी वाट जाकार्ताहून निघाली. ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपली पद्धत छापून मांडली : खरं समुद्रपाणी, समुद्रातून आणलेले जीवजंतूंनी भरलेले खडक, भरपूर उजेड आणि नुसते हवेचे बुडबुडे. फिल्टर नाही. पाश्चात्त्य शौकिनांनी कौतुक केलं आणि बहुतेकांनी पुन्हा आपला रेतीखालचा फिल्टरच चालवला. पुढे बर्लिनमधल्या शौकिनांनी लाइव्ह रॉक, प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि चुन्याचं निवळ पाणी यांची सांगड घातली, तेव्हा कठीण प्रवाळ घरात वाढू लागले. अमेरिकेत 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी 'मिनी-रीफ'ची लाट आणली.

या लाटेत एंजलफिशवर गदा आली. कारण समजण्यासारखं आहे. प्रवाळ महाग, तुकडे दुर्मिळ, आणि टाकी लहान. त्या टाक्यांत बहुधा मांसल, फुगीर प्रवाळ आणि झोअँथिड (प्रवाळांचे मऊ, बटणांसारखे भाऊबंद) असायचे, जे एंजलला नेमके आवडतात. मोठ्या एंजलचा मूळ आहार स्पंज, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा मऊ समुद्री जीव. जॉन रँडल आणि विलार्ड हार्टमन यांनी 1968 मध्ये वेस्ट इंडीजमधल्या माशांची पोटं तपासली, तेव्हा होलाकँथस गटातल्या एंजलच्या पोटात नव्वद टक्क्यांहून जास्त स्पंजच निघाला. दिवसभर खडक टोचत फिरणारं हे जनावर. टाकीत स्पंज नाही, म्हटल्यावर ते शेजारच्या मऊ गोष्टीला तोंड लावणारच. यात त्याचा दोष काय?

मधल्या काळात तडजोडी झाल्या. बोटभर लांबीचे सेंट्रोपायजी, म्हणजे फ्लेम, कोरल ब्युटी वगैरे, मुख्यतः शेवाळ खातात. त्यांना 'बघून घ्या' या शेऱ्यावर प्रवेश मिळाला. जेनिकँथस गटाचे मासे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लँक्टन खातात, त्यामुळे प्रवाळवाल्यांनी ते बिनघोर घेतले. नर आणि मादी वेगवेगळ्या रंगांचे असणं हीही त्यांची खासियत.

खरी सूट मिळाली ती अॅक्रोपोरासारखे फांद्यांचे प्रवाळ घरच्या घरी तुकडे करून वाटले जाऊ लागल्यावर. लहान पॉलिपच्या (प्रवाळाच्या एकेका तोंडाच्या) या प्रवाळांत एंजलला तोंड घालण्याजोगं फार मांस नसतं. टाक्याही मोठ्या झाल्या. आणि पाणी अति स्वच्छ ठेवलं की प्रवाळ फिके पडतात, हे ध्यानात आल्यावर भरपूर खाणारे-हगणारे मासे लोकांना हवेसे वाटू लागले. आज एम्पररसारखा 40 सेंटीमीटरपर्यंत वाढणारा मासाही प्रवाळाच्या टाकीत दिसतो. माझ्या मते मात्र एवढ्या माशाला घरात आणणं हाच मुळात जास्त गंभीर प्रश्न आहे. तो प्रवाळ खाईल का, हे नंतरचं.

मासे येतात कुठून, ही या इतिहासाची काळी बाजू. फिलिपिन्समध्ये 1960च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडले गेले. मासा दुकानात तरतरीत दिसायचा आणि काही आठवड्यांत मरायचा. मागे राहिलेले प्रवाळही मरायचे. पैदास हा त्यावरचा उपाय, पण एंजलची अंडी पाण्यात तरंगणारी, एक मिलिमीटरहूनही बारीक. मार्टिन मो यांनी 1970च्या दशकात फ्लोरिडात फ्रेंच आणि ग्रे एंजल वाढवले. छोट्या सेंट्रोपायजींची पिल्लं मात्र पहिल्या घासालाच मरत, कारण पिल्लांना नेहमी चारले जाणारे रोटिफर हे सूक्ष्म जीव त्यांना चालत नसत. हवाईत फ्रँक बेन्श यांनी 2000च्या दशकाच्या सुरुवातीला ही कोंडी फोडली, ती कोपेपॉड या बारीक कवचधारी जीवांच्या अतिसूक्ष्म पिल्लांचा चारा देऊन. नंतर बालीतल्या बाली अॅक्वारिच या पैदास केंद्राने मोठ्या जातीही टाकीत जन्माला घातल्या. मेक्सिकोचा क्लॅरियन एंजल त्यांतलाच. 2016 च्या साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) परिषदेत त्याच्या जंगली व्यापारावर परिशिष्ट 2 ची बंधनं आली.

भारतात प्रश्नच उलटा आहे. 2001 मध्ये सगळे कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि काळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मे 2017 मध्ये केंद्राने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढून 158 जातींवर बंधनं घातली, ती ओरड झाल्यावर मागे घेतली गेली. प्रवाळांचा कायदा मात्र कायम राहिला. मुंबई-पुण्यातल्या शौकिनाला एंजल विकत घेणं सोपं, अॅक्रोपोरा ठेवणं अवघड. 2001 च्या त्या यादीत मश्रूम आणि लेदर हे मऊ प्रकार आणि झोअँथिड नव्हते, म्हणून इथल्या टाक्या बहुतेक त्यांनीच भरलेल्या दिसतात. त्यांतला झोअँथिड तर एंजल सगळ्यात आधी चाखून बघतो. त्यामुळे परदेशी टाक्यांतले अनुभव वाचून इथे एंजल सोडणाऱ्याने आधी आपल्या खडकावर काय लागलंय, ते बघावं.